एसएसडीवर ट्रिम चालत नसेल तर निरोप कुठल्या थरात अडकलाय ते कसं शोधायचं

माझ्या जुन्या लॅपटॉपमध्ये ५१२ जीबीची एसएसडी आहे, त्यावर बरीच वर्षं एकच उबुंटू चालू आहे, आणि मागच्या पावसाळ्यात असं व्हायला लागलं की मोठी फाइल कॉपी करायला घेतली की पहिली काही सेकंद सुसाट आणि मग एकदम बैलगाडी. ब्राउझर गोठायचा, माउस हलायचा पण क्लिक लागायचं नाही. डिस्क तर ४० टक्के रिकामी होती. रॅम बघितली, तापमान बघितलं, ड्राइव्हच्या तब्येतीचा स्मार्ट रिपोर्ट काढला, सगळं ठीक. शेवटी एका रात्री एफएसट्रिम (डिलीट करून मोकळी झालेली जागा ड्राइव्हला कळवणारी कमांड) चालवून बघितलं तर उत्तर आलं "द डिस्कार्ड ऑपरेशन इज नॉट सपोर्टेड". म्हणजे इतक्या वर्षांत मी जे काही डिलीट केलं त्यातलं एक अक्षरही ड्राइव्हपर्यंत पोचलेलं नव्हतं! ड्राइव्हच्या हिशेबाने तो कधीच गच्च भरलेला होता.

नंतर ओळखीतल्या तीन-चार जणांच्या मशीनवर हेच निघालं, दरवेळी कारण वेगळं पण शोधायची रीत एकच, म्हणून ती नीट लिहून ठेवतोय. कमांड मी आपण फोनवर एकमेकांना सांगतो तशा लिहिल्यात, टाइप करताना अर्थातच रोमनमध्ये आणि स्मॉल अक्षरांत करायच्या, कॅपिटल लागेल तिथे तसं सांगितलंय. आणि सगळीकडे कमांडच्या आधी सुडो (अ‍ॅडमिनच्या हक्काने चालव असं सांगणारा शब्द) लागणार हे धरूनच चाला.

आधी हे ट्रिम प्रकरण काय आहे ते

फ्लॅश मेमरीची एक मूळ अडचण आहे. लिहायचं ते पेज-पेज करून, एक पेज साधारण ४ ते १६ केबीचं. पुसायचा मात्र अख्खा ब्लॉक, ज्यात अशी शेकडो पेजेस असतात. आणि लिहिलेल्या पेजवर वरून दुसरं लिहिता येत नाही, आधी पुसावंच लागतं. मुंबई-पुण्यातल्या रीडेव्हलपमेंटसारखं आहे बघा. एक फ्लॅट पाडून नवा बांधता येत नाही, पाडायची तर अख्खी बिल्डिंग, आणि त्याआधी राहणाऱ्या सगळ्यांना सामानासकट दुसरीकडे हलवायचं. आता समजा अर्धे लोक कधीच घर सोडून गेलेत पण सोसायटीच्या रजिस्टरवर नावं तशीच आहेत, तर त्या बंद घरांतलं भंगारसुद्धा टेम्पोत भरून हलवावं लागणार, त्यांच्यासाठीही जागा अडवून ठेवावी लागणार. एसएसडीचा कंट्रोलर नेमकं हेच करत बसतो. तुम्ही फाइल डिलीट केली की फाइलसिस्टिम आपल्या वहीत खूण करते की ही जागा मोकळी झाली, पण ती वही ड्राइव्हला वाचता येत नाही, त्यामुळे तो तुमचा तीन वर्षांपूर्वी डिलीट केलेला सिनेमा अजून जिवापाड सांभाळतोय, एका ब्लॉकमधून दुसऱ्यात कॉपी करतोय, आणि त्या कॉप्या करण्यात वेळही जातो आणि फ्लॅशचं आयुष्यही.

ट्रिम म्हणजे फक्त एवढा निरोप की "अमुक ते अमुक जागा सोडलीये, ती सांभाळू नकोस". बास. साटा या जुन्या जोडणीच्या ड्राइव्हमध्ये हा निरोप डेटा सेट मॅनेजमेंट या कमांडमधून जातो, एनव्हीएमई या नव्या, वेगवान जोडणीत त्याला डीअलोकेट म्हणतात, स्कझी आणि यूएसबीवाल्या जगात अनमॅप, आणि लिनक्स या सगळ्याला मिळून डिस्कार्ड म्हणतो. चार नावं, गोष्ट एकच, हे डोक्यात ठेवा नाहीतर शोधताना गोंधळ होतो, माझा झाला होता.

खरी मेख अशी की फाइलसिस्टिम आणि ड्राइव्ह यांच्यामध्ये बरेच थर असतात. फाइलसिस्टिम, तिच्याखाली बऱ्याचदा एलव्हीएम (डिस्कची जागा व्हॉल्यूममध्ये वाटणारा थर), त्याखाली एन्क्रिप्शन असेल तर लुक्स (लिनक्सचं डिस्क एन्क्रिप्शन), मग पार्टिशन, मग बाहेरचा ड्राइव्ह असेल तर यूएसबीची चिप, मग ड्राइव्ह. यातल्या प्रत्येकाने निरोप पुढे द्यायला हवा. एकाने गिळला की संपलं, आणि बहुतेक वेळा गिळणारा तोंडातून अवाक्षर काढत नाही. त्यामुळे "ट्रिम चालू करा" असा एकच खटका कुठेही नाहीये, अडवणारा थर शोधायचा आणि फक्त तोच दुरुस्त करायचा.

हात लावायच्या आधी

बॅकअप घ्या. हे मी सवयीने म्हणत नाहीये. ट्रिम झालेली जागा परत मिळत नाही. माझ्या ताईने एकदा शनिवारी भाच्याच्या लहानपणीच्या व्हिडिओंचं फोल्डर चुकून उडवलं, मला सांगितलं मंगळवारी, आणि सोमवारी तिच्या मशीनवर आठवड्याचं ट्रिम होऊन गेलेलं. मी डिलीट झालेल्या फाइल शोधणारं फोटोरेक लावून रात्रभर बसलो, एक फ्रेमसुद्धा आली नाही. हार्ड डिस्क असती तर बरंच काही निघालं असतं. तेव्हा तुमच्या मशीनवर चुकून डिलीट झालेलं आणि अजून हवं असलेलं काही असेल तर आधी ते काढून घ्या, ट्रिमचं नंतर बघू.

दुसरं, ब्लॉकडिस्कार्ड नावाची एक कमांड आहे (स्पेलिंग बीएलकेडिस्कार्ड, सगळं जोडून), ती एफएसट्रिमची बहीण वाटते पण ती अख्खं पार्टिशन किंवा अख्खा ड्राइव्ह रिकामा म्हणून जाहीर करून टाकते. वापरातल्या ड्राइव्हवर तिचं काही काम नाही. तसंच एचडीपार्ममध्ये (ड्राइव्हशी थेट बोलणारी कमांड) सेक्टर सांगून हाताने ट्रिम करायचा पर्याय आहे, त्यासोबत "प्लीज डिस्ट्रॉय माय ड्राइव्ह" असा शब्दशः ऑप्शन लिहावा लागतो. बनवणाऱ्यांनी इतकं स्पष्ट सांगितलंय तर ऐकावं.

निदान

टर्मिनल उघडा आणि एलएसबीएलके डॅश कॅपिटल डी मारा. एक झाडासारखी यादी येईल, वर ड्राइव्ह, त्याखाली पार्टिशन, त्याखाली क्रिप्ट, त्याखाली एलव्हीएमचे व्हॉल्यूम, जे काय तुमच्याकडे असेल ते. उजवीकडे डिस्क-ग्रॅन आणि डिस्क-मॅक्स असे दोन कॉलम दिसतील, म्हणजे डिस्कार्डची कमीत कमी साइज आणि एका वेळी जास्तीत जास्त किती. वरून खाली वाचत या. मॅक्सच्या कॉलममध्ये शून्य नसेल तर त्या थरापर्यंत निरोप पोचू शकतो. जिथे पहिल्यांदा शून्य दिसलं तो तुमचा गुन्हेगार, आणि त्याच्याखालच्या सगळ्या ओळीही मग शून्यच असणार, त्यांना दोष देऊ नका, त्यांच्यापर्यंत पाणीच येत नाहीये.

माझ्याकडे ड्राइव्हच्या ओळीत २जी, पार्टिशनच्या ओळीत २जी, आणि क्रिप्टच्या ओळीत शून्य. एका मिनिटात निकाल लागला. हीच कमांड मी सुरुवातीला मारली असती तर दोन संध्याकाळी वाचल्या असत्या.

पहिलीच ओळ, म्हणजे खुद्द ड्राइव्हच शून्य दाखवत असेल तर तीन-चार शक्यता. तो साधा फिरता हार्ड डिस्क असेल, मग बहुतेक वेळा ते बरोबरच आहे, काही करायचं नाही. तो हार्डवेअर रेड कार्डच्या (अनेक ड्राइव्ह एकत्र चालवणारं कार्ड) मागे बसलेला असेल, अशी बरीच कार्डं ट्रिम पुढे जाऊच देत नाहीत, तिथे कार्ड साध्या पास-थ्रू मोडमध्ये लावता येतं का बघा. तो यूएसबी डब्यात असेल, त्याचं खाली वेगळं सांगतो. आणि साटा एसएसडी थेट मदरबोर्डला असूनही शून्य असेल तर एचडीपार्म डॅश कॅपिटल आय आणि ड्राइव्हचं नाव देऊन बघा, त्या लांबलचक यादीत "डेटा सेट मॅनेजमेंट ट्रिम सपोर्टेड" अशी ओळ तारकेसह असायला हवी. नसेल तर ड्राइव्हलाच ते येत नाही, खूप जुन्या एसएसडीत असं असायचं.

लुक्स अडवत असेल तर (सगळ्यात जास्त सापडणारं कारण)

डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर लुक्स ज्याच्यावर चालतं तो डीएम-क्रिप्ट हा थर डिस्कार्ड आपणहून पुढे देत नाही. हा बग नाही, मुद्दाम तसं ठेवलंय. कारण एन्क्रिप्ट केलेली डिस्क बाहेरून बघणाऱ्याला सगळीकडे सारखाच कचरा दिसायला हवा. ट्रिम चालू केलं की रिकाम्या जागा वेगळ्या ओळखू येतात, म्हणजे डिस्क हातात पडलेल्या माणसाला तुमच्या फाइलमधलं काही वाचता येणार नाही पण साधारण किती डेटा आहे, कुठे आहे, फाइलसिस्टिम कुठली असावी एवढा अंदाज लावता येईल. माझं स्पष्ट मत असं की लॅपटॉप ट्रेनमध्ये विसरला किंवा चोरीला गेला तर कागदपत्रं वाचली जाऊ नयेत एवढीच तुमची काळजी असेल, तर खुशाल चालू करा. डिस्कवर आणखी लपवलेला भाग आहे हेच कुणाला कळू नये अशी गरज असेल तर मात्र करू नका, आणि हळू ड्राइव्ह सोसा.

आधी क्रिप्टसेटअप लुक्सडंप (यातला डी कॅपिटल) आणि पार्टिशनचं नाव देऊन व्हर्जन बघा. २ असेल तर काम फारच सोपं आहे. एलएसबीएलकेमध्ये क्रिप्टच्या ओळीत जे नाव दिसतं ते घ्या आणि क्रिप्टसेटअप, डॅश डॅश अलाउ-डिस्कार्ड्स, डॅश डॅश पर्सिस्टंट, रिफ्रेश, आणि ते नाव, असं एका ओळीत द्या. पासफ्रेज विचारेल. चालू सिस्टिमवरच होतं, रीबूटही लागत नाही, आणि पर्सिस्टंट दिल्यामुळे ही खूण लुक्सच्या हेडरमध्येच लिहिली जाते, पुढच्या वेळी आपोआप लागते. परत लुक्सडंप केलं की फ्लॅग्जसमोर अलाउ-डिस्कार्ड्स दिसलं पाहिजे.

माझं व्हर्जन १ होतं, जुन्या इन्स्टॉलेशनमध्ये तेच असतं, आणि त्याच्या हेडरमध्ये असली खूण ठेवायला जागा नाही. मग क्रिप्टटॅब गाठायचं, म्हणजे एन्क्रिप्ट केलेली पार्टिशन कशी उघडायची त्याची यादी. स्लॅश ईटीसी स्लॅश क्रिप्टटॅब, ही फाइल उघडा (आधी तिची एक कॉपी करून ठेवा, खरंच), त्यात एका ओळीत चार गोष्टी असतात, नाव, मग यूयूआयडी, मग बहुतेक वेळा नन, आणि शेवटी लुक्स. त्या शेवटच्या लुक्सला चिकटून स्वल्पविराम आणि डिस्कार्ड लिहायचं, मध्ये स्पेस अजिबात नको, स्पेस पडली की तो पाचवा कॉलम होतो आणि ऑप्शन लागतच नाही. सेव्ह करा. पण एवढ्याने काही होत नाही, कारण रूट पार्टिशन उघडण्याचं काम बूटच्या अगदी सुरुवातीला इनिटरॅमएफएस या छोट्या तात्पुरत्या सिस्टिममधून होतं आणि त्याच्याकडे क्रिप्टटॅबची जुनी माहिती आहे. म्हणून अपडेट-इनिटरॅमएफएस डॅश यू. इथे बरेच जण सगळ्या कर्नलसाठी एकदम चालवतात, मी चालवत नाही, साधं डॅश यू दिलं की सगळ्यात नव्या कर्नलचाच इनिटरॅमएफएस बदलतो आणि काही चुकलं तर बूटच्या वेळी येणाऱ्या ग्रबच्या मेनूमधून जुना कर्नल निवडून घरात शिरायला मागचं दार उघडं राहतं. सगळं नीट चाललंय बघितल्यावर मग डॅश के ऑल लावून बाकीचेही करून टाका.

फेडोरा किंवा ड्रॅकट वापरणारं दुसरं काही असेल तर क्रिप्टटॅब बदलून ड्रॅकट डॅश एफ, किंवा कर्नलच्या बूट ओळीत आरडी डॉट लुक्स डॉट ऑप्शन्स बरोबर डिस्कार्ड. आर्चमध्ये जुना एन्क्रिप्ट हुक असेल तर क्रिप्टडिव्हाइसच्या ओळीच्या शेवटी कोलन देऊन अलाउ-डिस्कार्ड्स.

रीबूट करा आणि डीएमसेटअप टेबल मारा. क्रिप्टच्या ओळीच्या शेवटी अलाउ अंडरस्कोअर डिस्कार्ड्स दिसलं की जिंकलात. एलएसबीएलके परत बघा, ज्या ओळींत शून्य होतं तिथे आता आकडा असेल.

एलव्हीएमबद्दल एक गैरसमज

एलव्हीएमच्या कॉन्फिग फाइलमध्ये इश्यू अंडरस्कोअर डिस्कार्ड्स नावाचा ऑप्शन आहे आणि ट्रिम चालत नाही म्हटलं की सगळे तोच १ करायला सांगतात. त्याचा फाइल डिलीट करण्याशी काहीही संबंध नाही. तुम्ही अख्खा लॉजिकल व्हॉल्यूम काढून टाकलात किंवा लहान केलात तर सुटलेल्या जागेचा निरोप द्यायचा का, एवढंच तो ठरवतो. फाइलसिस्टिमकडून आलेलं ट्रिम एलव्हीएम तसंही पुढे देतो. उलट तो १ केला आणि चुकून व्हॉल्यूम काढला, तर एरवी एलव्हीएमच्या जुन्या मेटाडेटावरून तो परत आणता आला असता ती वाटही बंद होते. मी शून्यच ठेवलाय.

आता प्रत्यक्ष ट्रिम

एफएसट्रिम डॅश व्ही, स्पेस, स्लॅश. डॅश व्ही म्हणजे किती केलं ते सांग. माझ्याकडे पहिल्यांदा चालवलं तेव्हा जरा वेळ काहीच हललं नाही, घाबरू नका, होऊ द्या, मग १९० जिबच्या (जीबीपेक्षा जरा मोठं एकक) आसपासचा आकडा आला. सगळे माउंट केलेले एकदम करायचे तर डॅश ए. माउंट नसलेल्याला एफएसट्रिम हात लावत नाही, त्यामुळे कधीतरीच उघडता ते पार्टिशन आधी माउंट करून घ्या.

इथे एक गोष्ट फार लोकांना चकवते. खात्री करायला लगेच दुसऱ्यांदा चालवलं तर एक्स्ट४ वर (उबुंटूची नेहमीची फाइलसिस्टिम) उत्तर येतं ० बाइट्स किंवा अगदी थोडंसं, आणि माणसाला वाटतं की बिघडलं परत. बिघडलेलं नसतं. एक्स्ट४ मेमरीत लक्षात ठेवते की कुठल्या ब्लॉक-ग्रुपचं ट्रिम झालंय, आणि त्या ग्रुपमधलं काही नव्याने मोकळं होईपर्यंत तो ग्रुप परत पाठवत नाही. ही आठवण डिस्कवर लिहिलेली नसते, त्यामुळे रीबूट केलं की पहिल्या वेळी परत मोठा आकडा येणार, तेही बरोबरच. एक्सएफएस ही दुसरी फाइलसिस्टिम असं काही लक्षात ठेवत नाही, ती दरवेळी सगळी मोकळी जागा नव्याने सांगते. म्हणजे हा आकडा "इतकी जागा नव्याने सुटली" असा वाचायचाच नाही, "इतक्या जागेचा निरोप आत्ता पाठवला" एवढाच त्याचा अर्थ.

आणि ट्रिम झाल्याबरोबर ड्राइव्ह नव्यासारखा पळेल अशी अपेक्षा नको. निरोप मिळाला, आता ब्लॉक रिकामे करून पुसायचं काम कंट्रोलर फावल्या वेळात करणार. मी लॅपटॉप रात्रभर नुसता चालू ठेवला, स्लीपमध्ये न जाऊ देता, आणि सकाळी ३० जीबीची कॉपी एका दमात गेली. कळलं तेव्हा खरंच हायसं वाटलं, कारण मी नवी एसएसडी घ्यायच्या बेतात होतो.

दर आठवड्याला आपोआप

सिस्टीमसीटीएल स्टेटस एफएसट्रिम डॉट टायमर. अ‍ॅक्टिव्ह दिसलं तर झालं, उबुंटूत आणि २०२० च्या फेडोरा ३२ पासून हे आधीच चालू असतं. नसेल तर सिस्टीमसीटीएल एनेबल, डॅश डॅश नाऊ, एफएसट्रिम डॉट टायमर. वेळ रविवार संपून सोमवार लागतो तेव्हाची, रात्री १२ च्या पुढे, तेव्हा मशीन बंद असेल तर पुढच्या वेळी चालू केल्यावर होतं.

यात एक गोम आहे जी मला वर्षानुवर्षं फसवत राहिली. टायमर जी सर्व्हिस चालवतो तिला ट्रिम न जमणाऱ्या पार्टिशनबद्दल गप्प बसायला सांगितलेलं असतं. त्यामुळे माझ्याकडे टायमर हिरवागार, सर्व्हिस यशस्वी, आणि रूट पार्टिशनचं ट्रिम शून्य! फक्त बूटचं छोटं पार्टिशन दर सोमवारी होत होतं. तेव्हा हिरव्या दिव्यावर जाऊ नका, जर्नलसीटीएल डॅश यू एफएसट्रिम मारून तिथे तुमच्या रूटचं, होमचं नाव आणि आकडा आहे का ते डोळ्यांनी बघा.

मग एफएसटॅबमध्ये (काय कुठे माउंट करायचं त्याची फाइल) डिस्कार्ड ऑप्शन टाकायचा का? घरच्या मशीनवर मी टाकत नाही. त्याने प्रत्येक डिलीटच्या मागोमाग निरोप जातो, आणि जुन्या साटा ड्राइव्हमध्ये ट्रिमची कमांड रांगेत बसत नाही, ती आली की बाकीचं सगळं थांबवून आधी तिचं बघावं लागतं (रांगेतलं ट्रिम साटा ३.१ पासून आलं, आणि तेही काही ड्राइव्हमध्ये इतकं गंडलेलं होतं की कर्नलने त्यांच्यासाठी बंदीची यादी ठेवलीये). आठवड्यातून एकदा पुरतं. बीटीआरएफएसची गोष्ट वेगळी, तिच्यात निरोप साठवून सवडीने पाठवायची सोय २०२० मध्ये कर्नल ५.६ पासून आली आणि ६.२ पासून ती आपोआप लागते, तिथे तुम्हाला काही करायचंच नाहीये. झेडएफएसवाल्यांनी झेडपूल सेट ऑटोट्रिम बरोबर ऑन आणि पूलचं नाव, किंवा अधूनमधून झेडपूल ट्रिम, २०१९ च्या ०.८ पासून चालतं, आणि झेडएफएसला एफएसट्रिम लागू नाही हे लक्षात ठेवा. शेजारी विंडोज असेल तर अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये एफएसयुटिल बिहेव्हियर क्वेरी डिसेबलडिलीटनोटिफाय, उत्तर ० आलं म्हणजे ट्रिम चालू. हो, ० म्हणजे चालू, नाव उलटं आहे.

यूएसबी डब्यातली एसएसडी

हा भाग जरा सावकाश वाचा कारण इथे चूक झाली तर डेटा जाऊ शकतो. डब्यातली छोटी चिप यूएसबीचं साटामध्ये किंवा एनव्हीएमईमध्ये भाषांतर करते. काही चिपना अनमॅपचं भाषांतर येत नाही, काहींना येतं पण त्या कर्नलला तसं नीट सांगत नाहीत. आपल्याला दुसऱ्या जातीची चिप आहे का ते बघायचंय.

एलएसयूएसबी डॅश टी मारून ड्राइव्हसमोर यूएएस (यूएसबी ड्राइव्हशी बोलायची नवी पद्धत) लिहिलंय का बघा. यूएसबी-स्टोरेज लिहिलं असेल तर मी पुढे जात नाही. मग एसजी३-युटिल्स हे पॅकेज टाका आणि एसजी अंडरस्कोअर व्हीपीडी डॅश पी एलबीपीव्ही, पुढे ड्राइव्हचं नाव. त्यात अनमॅप कमांड सपोर्टेड, कंसात एलबीपीयू, समोर १ हवा. ० असेल किंवा ते पानच मिळालं नाही तर तो डबा सोडून द्या. जबरदस्तीने चालू केलेल्या अनमॅपचं चुकीचं भाषांतर झालं तर भरलेल्या जागा रिकाम्या होतील, आणि ते तुम्हाला महिन्याने कळेल.

१ असेल तर तीच कमांड डॅश पी बीएल देऊन चालवा आणि मॅक्सिमम अनमॅप एलबीए काउंट लिहून घ्या. माझ्या डब्यात ४१९४२४० आला, त्याला ५१२ ने गुणलं की २१४७४५०८८०, हा बाइट्समधला आकडा लागणार आहे. आता स्लॅश सिस स्लॅश ब्लॉक स्लॅश एसडीबी स्लॅश डिव्हाइस स्लॅश स्कझी अंडरस्कोअर डिस्क, त्याच्या आत एक आकड्यांच्या नावाचं फोल्डर, आणि त्यात प्रोव्हिजनिंग अंडरस्कोअर मोड नावाची फाइल (एसडीबीच्या जागी तुमच्या ड्राइव्हचं नाव, आणि ते दोनदा तपासा). कॅट करून बघितलं तर फुल असं लिहिलेलं असेल. तिथे अनमॅप लिहायचं. सुडो एको करून बाणाने फाइलमध्ये टाकायला गेलात तर परवानगी नाही म्हणेल, कारण सुडो एकोला लागतो, बाणाला नाही, म्हणून एको अनमॅप, पाइप, सुडो टी, आणि फाइलचा पत्ता. याच पद्धतीने तो मोठा आकडा एसडीबीच्या क्यू फोल्डरमधल्या डिस्कार्ड अंडरस्कोअर मॅक्स अंडरस्कोअर बाइट्स या फाइलमध्ये. मग एलएसबीएलके डॅश कॅपिटल डी, आकडे दिसले की एफएसट्रिम.

पहिल्यांदा हे रिकाम्या ड्राइव्हवर करा. थोड्या मोठ्या फाइल टाका, त्यांचे एसएचए२५६सम काढून ठेवा, काही फाइल डिलीट करा, ट्रिम करा, ड्राइव्ह काढून परत लावा आणि उरलेल्या फाइलचे सम जुळतात का बघा. जुळले तरच तो डबा भरवशाचा.

केबल काढली की या दोन्ही गोष्टी विसरल्या जातात. रास्पबेरी पाय यूएसबीवरून बूट होत असेल तर युडेव्हचा (उपकरण जोडल्याबरोबर सेटिंग लावणारी सोय) नियम करावाच लागतो, ईटीसी, युडेव्ह, रूल्स डॉट डी मध्ये डॉट रूल्सने संपणारी फाइल, त्यात सबसिस्टिम स्कझी अंडरस्कोअर डिस्क, एलएसयूएसबीत दिसणारे व्हेंडर आणि प्रॉडक्टचे आकडे, आणि प्रोव्हिजनिंग मोडला अनमॅप. जुळवून बघायचं तिथे बरोबरची दोन चिन्हं, किंमत बसवायची तिथे एकच, माझा नियम याच एका चिन्हापायी तासभर लागत नव्हता. नुसत्या बॅकअपच्या ड्राइव्हसाठी मात्र मी नियमबियम करत नाही, तीन ओळींची छोटी स्क्रिप्ट ठेवलीये, महिन्यातून एकदा ड्राइव्ह लावल्यावर नाव तपासून चालवतो.

व्हर्च्युअल मशीनमध्येही हेच सगळं, फक्त अडवणारा थर होस्टवर, म्हणजे बाहेरच्या खऱ्या मशीनवर असतो. व्हर्ट-मॅनेजरमध्ये डिस्कच्या सेटिंगमध्ये डिस्कार्ड मोड अनमॅप करा, मशीन पूर्ण बंद करून चालू करा आणि आतून एफएसट्रिम. होस्टवरची क्यूकाऊ२ फाइल (व्हर्च्युअल मशीनची डिस्क) किती जागा खातेय ते डीयूने बघा, एलएसमधली लांबी बऱ्याचदा तेवढीच दिसते.

खरंच पोचलं का

हे एन्क्रिप्शन आणि एलव्हीएम नसलेल्या साध्या साटा ड्राइव्हवरच करता येतं, पण एकदा करून बघण्यासारखं आहे. एचडीपार्म डॅश कॅपिटल आयमध्ये "डिटरमिनिस्टिक रीड झिरोज आफ्टर ट्रिम" अशी ओळ आहे का बघा. असेल तर काही एमबीची कुठलीही भरलेली फाइल बनवा, सिंक मारा (नाहीतर ती अजून डिस्कवर उतरलेलीच नसते), एचडीपार्म डॅश डॅश फिबमॅप आणि फाइलचं नाव, त्यात बिगिन एलबीएखाली जो आकडा येईल तो लिहून घ्या. एचडीपार्म डॅश डॅश रीड-सेक्टर, तो आकडा, आणि ड्राइव्हचं नाव, कचऱ्यासारखे आकडे दिसतील, तो तुमचा डेटा. फाइल डिलीट करा, परत सिंक, एफएसट्रिम, आणि तोच सेक्टर परत वाचा. सगळी शून्यं आली पाहिजेत. जुनाच डेटा दिसला तर अजून कुठेतरी अडतंय, परत एलएसबीएलकेपासून सुरू करा.

माझ्यासारखं लुक्सवालं मशीन असेल तर ही चाचणी जमत नाही, तिथे डीएमसेटअपची ओळ आणि मंगळवारी सकाळी जर्नलसीटीएलमध्ये रूटच्या नावापुढचा आकडा, या दोनांवर मी भरवसा ठेवतो.